इल्या मेचनिकॉव्ह : विरजणातून दीर्घायुष्य शोधणारा शास्त्रज्ञ

जून १९०४ मध्ये पॅरिसमध्ये वार्धक्य या विषयावर एक जाहीर व्याख्यान झाले. वक्ते होते पाश्चर संस्थेतील रशियन प्राध्यापक इल्या मेचनिकॉव्ह. विस्कटलेली दाढी, जाड चष्मा, अंगावर कसाबसा चढवलेला कोट आणि बोलण्याच्या ओघात हातवारे करण्याची सवय. म्हातारपण हा निसर्गक्रम नसून एक प्रकारचा आजार आहे, आणि त्याचे मोठे कारण आपल्या मोठ्या आतड्यात मुक्काम ठोकून बसलेल्या जीवाणूंनी निर्माण केलेली विषारी द्रव्ये हे आहे, असे प्रतिपादन त्यांनी केले. या जीवाणूंना आवर घालायचा तर आंबवलेले दूध नियमित घ्यावे, बल्गेरियातील शेतकरी ते घेतात आणि त्यांच्यात शंभरी गाठलेले लोक पुष्कळ आढळतात, असेही त्यांनी सांगितले. वृत्तपत्रांनी ही बातमी उचलून धरली. पाहता पाहता पॅरिसमधील दुकानांत आंबट दुधाला मागणी आली, औषधविक्रेत्यांकडे विरजणाच्या गोळ्या दिसू लागल्या आणि अटलांटिकच्या पलीकडेही डॉक्टर रुग्णांना दही लिहून देऊ लागले. ताक-दह्यावर वाढलेल्या मराठी माणसाला या गडबडीचे हसू येईल; पण त्या व्याख्यानामागे चाळीस वर्षांचे संशोधन होते, आणि जगण्याला दोनदा विटलेल्या माणसाची जगण्याविषयीची आसक्तीही होती.

इल्याचा जन्म मे १८४५ मध्ये खारकोव्ह प्रांतातला. आज हा भाग युक्रेनमध्ये येतो आणि त्या शहराला खारकिव्ह म्हणतात. वडील झारच्या शाही तुकडीतील अधिकारी, आई एमिलिया ही ज्यू वंशातील लेखक लेव्ह नेव्हाखोविच यांची कन्या. पाच भावंडांत इल्या धाकटा. एका जागी क्षणभरही न टिकणाऱ्या या मुलाला घरचे लोक पारा म्हणत. थोरल्या भावांपैकी लेव्ह पुढे भूगोलज्ञ म्हणून गाजला. दुसरा भाऊ इव्हान तुला येथील न्यायालयात अधिकारी होता. त्याच्या मृत्यूची हकिगत टॉलस्टॉय यांच्या कानी आली आणि त्यातूनच इव्हान इलिचच्या मृत्यूची प्रसिद्ध कथा त्यांना सुचली. मृत्यूच्या भयाशी या घराण्याचे नाव असे साहित्यातही जोडले गेले, हा एक विलक्षण योगायोग.

इल्याच्या मनात वैद्यक शिकण्याचे होते. मुलाचे मन फार हळवे आहे, रोज माणसांचे दुःख पाहणे त्याला झेपणार नाही, असे आईला वाटले आणि तिने त्याला प्राणिशास्त्राकडे वळवले. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पुरा केला. मग उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेट, जर्मनीतील गीसेन, इटलीतील नेपल्स अशी भ्रमंती सुरू झाली. सागरी प्राण्यांच्या भ्रूणांची वाढ हा विषय. सोबतीला दुसरा तरुण रशियन संशोधक अलेक्झांडर कोवालेव्हस्की. या दोघांना १८६७ मध्ये कार्ल फॉन बेअर यांच्या नावाचे पारितोषिक विभागून मिळाले. गीसेनमध्ये असताना एका चपट्या कृमीच्या पचनाचा अभ्यास करताना इल्याच्या लक्षात आले, की या प्राण्यात अन्नाचे कण पोटाच्या पोकळीत विरघळत नाहीत; पेशीच ते गिळतात आणि आत पचवतात. तेव्हा या निरीक्षणाचे महत्त्व कोणाला, खुद्द त्यालाही, उमगले नव्हते.

पुढची काही वर्षे दुःखाची गेली. १८६९ मध्ये मेचनिकॉव्ह यांनी ल्युडमिला फेदोरोविच हिच्याशी विवाह केला. ती क्षयाने इतकी खंगली होती, की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. पत्नीच्या औषधपाण्यासाठी ते अधिकची कामे करत राहिले. डोळ्यांवर ताण पडून ते अधू झाले. हवापालटासाठी तिला अटलांटिकमधील मदेरा बेटावर नेले, पण १८७३ च्या एप्रिलमध्ये तिचे निधन झाले. परतीच्या वाटेवर जिनिव्हा येथे मेचनिकॉव्ह यांनी आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. तो फसला. त्यानंतर ऱ्होन नदीच्या पुलावर दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे त्यांना दिसले, आणि इतके अल्पायुषी जीव, मग यांच्या बाबतीत नैसर्गिक निवडीचा नियम लागू पडतो तरी कसा, हा प्रश्न मनात उभा राहिला. प्रश्नामागोमाग विचार सुरू झाले आणि मरणाचा विषय मागे पडला.

ओडेसा येथील विद्यापीठात ते प्राध्यापक होते. त्यांच्या वरच्या मजल्यावर एक मोठे, मुलाबाळांनी गजबजलेले कुटुंब राहत असे. पोरांच्या दंग्याची तक्रार करण्यावरून परिचय झाला, त्यातील थोरल्या मुलीला, ओल्गाला, ते प्राणिशास्त्र शिकवू लागले आणि १८७५ मध्ये सोळा-सतरा वर्षांच्या या विद्यार्थिनीशी त्यांचा विवाह झाला. हा संसार शेवटपर्यंत टिकला. तिनेच पुढे त्यांचे चरित्र लिहिले. पण १८८० मध्ये ओल्गा विषमज्वराने मरणाच्या दारी गेली, विद्यापीठातील राजकारणाने त्यांचे मन उबगले होते, प्रकृती ढासळली होती. आणि १८८१ मध्ये मेचनिकॉव्ह यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. हा रोग रक्तातून पसरतो काय, हे पाहावे आणि मरण आले तर ते विज्ञानाच्या कामी यावे, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. ताप आला, जीव वाचला. या दुखण्यातून उठलेला माणूस मात्र निराळाच होता. उरलेले आयुष्य त्यांनी आशावादाचा जवळजवळ प्रचारक म्हणून काढले.

त्याच वर्षी झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली आणि रशियात दडपशाहीचे पर्व सुरू झाले. १८८२ मध्ये राजीनामा देऊन मेचनिकॉव्ह पत्नी व तिच्या भावंडांसह सिसिली बेटावरील मेसिना येथे गेले. तेथील समुद्रकिनाऱ्यावरचे घर हीच प्रयोगशाळा. वर्षअखेरीस एके दिवशी घरची सारी मंडळी सर्कशीतील वानरांचे खेळ पाहायला गेली होती. मेचनिकॉव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या पारदर्शक अळ्या पाहत होते. त्यांच्या शरीरात इकडून तिकडे सरपटणाऱ्या पेशी पाहताना त्यांना वाटले, की या पेशी बाहेरून घुसलेल्या शत्रूचा सामना करत असतील तर? बागेतील गुलाबाचे काटे तोडून ते त्यांनी अळ्यांच्या त्वचेखाली खुपसले. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पाहतात तो प्रत्येक काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. माणसाच्या बोटात कुसळ गेले की तेथे पू होतो, म्हणजेच पांढऱ्या पेशी जमतात, तोच हा प्रकार होता. गीसेनमधल्या कृमीच्या पेशी अन्न गिळत होत्या. येथे पेशी संरक्षणासाठी तेच करत होत्या. व्हिएन्नातील प्राध्यापक क्लाउस यांनी त्यांना ग्रीक भाषेतून नाव सुचवले : फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी.

आज ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. तेव्हा तिला कडाडून विरोध झाला. रोगप्रतिकाराचे सामर्थ्य रक्तद्रवातील रसायनांत असते, पेशींत नव्हे, असे जर्मन शास्त्रज्ञांचे मत होते आणि १८९० मध्ये घटसर्प व धनुर्वाताच्या प्रतिविषांचा शोध लागल्यावर त्या मताला मोठेच बळ मिळाले. हा वाद वीस वर्षे चालला. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि रक्तद्रववादी पॉल एर्लिख यांना विभागून देण्यात आले. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते, हे आज सर्वमान्य आहे.

१८८६ मध्ये ओडेसात पिसाळलेल्या प्राण्यांच्या दंशावर लस देणारे केंद्र निघाले आणि त्याचे संचालकपद मेचनिकॉव्ह यांच्याकडे आले. पण ते वैद्य नव्हते. स्थानिक डॉक्टरांनी त्यांना सुखाने काम करू दिले नाही. त्यांच्या गैरहजेरीत अँथ्रॅक्सची लस टोचलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या आणि रशियातील उरलीसुरली उमेदही संपली. १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसच्या नव्या संस्थेत त्यांना प्रयोगशाळा देऊ केली. पुढची अठ्ठावीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी ती सोडली नाही.

या प्रयोगशाळेतून मुंबईपर्यंत एक धागा येतो. ओडेसातील त्यांचा एक विद्यार्थी व्लादिमिर हाफकिन राजकीय कारणांवरून अनेकदा पकडला गेला होता. १८८९ मध्ये तोही पाश्चर संस्थेत आला आणि ग्रंथालयातील साध्या नोकरीवर राहून फावल्या वेळात जीवाणूंवर काम करू लागला. १८९२ मध्ये त्याने पटकीची लस तयार करून आधी स्वतःला टोचली, १८९३ मध्ये तो हिंदुस्थानात आला, आणि १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उसळल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्याशा जागेत त्याने प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्याने प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधील त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळाले. स्वतःच्या देहावर प्रयोग करण्याचा पाठ शिष्याने गुरूकडूनच घेतला असावा.

कारण त्याच १८९२ मध्ये फ्रान्समध्ये पटकीची साथ असताना मेचनिकॉव्ह यांनी पटकीचे जंतू चक्क पिऊन टाकले होते. त्यांना काहीच झाले नाही. दुसऱ्याने प्याले, त्यालाही फारसे काही झाले नाही. तिसरा स्वयंसेवक मात्र इतका आजारी पडला, की जगतो की मरतो अशी अवस्था झाली. आज कोणतीही नीतिसमिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यातून एक प्रश्न उभा राहिला. जंतू तेच, मग परिणाम वेगळा का? मेचनिकॉव्ह यांनी पटकीचे जंतू वाढवून त्यांच्या शेजारी आतड्यातील निरनिराळे जीवाणू सोडले. काहींच्या सान्निध्यात पटकीचे जंतू फोफावले, तर काहींच्या सान्निध्यात खुंटले. माणसाच्या पोटात आधीपासून कोण राहते यावर बाहेरून आलेल्याचे काय होणार हे ठरते, असा त्याचा अर्थ. पोटातील या वस्तीकडे त्यांचे लक्ष वळले ते येथून.

वय पन्नाशी ओलांडत होते आणि म्हातारपणाचा प्रश्न त्यांना छळू लागला होता. १९०३ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी वार्धक्याच्या अभ्यासाला जेरॉन्टॉलॉजी हे नाव दिले. ते आजही चालते. सस्तन प्राण्यांना मोठे आतडे का असते, यावर त्यांची उपपत्ती मजेदार होती. शत्रूपासून पळताना वा भक्ष्याचा पाठलाग करताना मलविसर्जनासाठी थांबावे लागू नये म्हणून ही कोठी निर्माण झाली. आता माणसाला तिचा उपयोग उरला नाही, पण तेथे साठलेल्या मळात जीवाणू माजतात. पोपटासारख्या पक्ष्यांना मोठे आतडे जवळजवळ नसतेच आणि ते दीर्घायुषी असतात, याकडे ते बोट दाखवत. फलाहारी वटवाघळांच्या आखूड आतड्यात जीवाणू फार थोडे असतात, हेही त्यांनी व सहकाऱ्यांनी तपासले.

या विचाराचा गाभा रसायनशास्त्राचा होता, आणि दह्याच्या गाजावाजात नेमके तेच लोक विसरले. आतड्यातील जीवाणू प्रथिनांचे विघटन करतात तेव्हा टायरोसिन या अमिनो आम्लापासून फिनॉल व पॅराक्रेसॉल आणि ट्रिप्टोफॅनपासून इंडोल तयार होते. ही द्रव्ये रक्तात शिरतात, यकृतात त्यांच्यावर प्रक्रिया होते आणि ती मूत्रावाटे बाहेर पडतात. म्हणजे पोटात काय चालले आहे हे मूत्र तपासून कळू शकते. १९१० पासून पाश्चर संस्थेच्या वार्षिकात मेचनिकॉव्ह यांनी या विषयावर निबंधांची मालिकाच लिहिली. प्राण्यांना अल्प प्रमाणात पॅराक्रेसॉल दीर्घकाळ दिल्यास त्यांच्या रक्तवाहिन्या कडक होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. जीवाणूंना साखर मिळाली तर ते प्रथिनांकडे वळत नाहीत आणि ही द्रव्ये कमी होतात, हेही त्यांच्या ध्यानात आले. पण खाल्लेली साखर मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतच नाही, वाटेतच शोषली जाते. यावर तोडगा म्हणून त्यांनी कुत्र्याच्या आतड्यातून एक असा जीवाणू वेगळा केला, जो पिष्टमय पदार्थापासून तेथल्या तेथे साखर बनवतो. हा सारा खटाटोप आज वाचताना आश्चर्य वाटते. न पचणारे पिष्ट व तंतू खाऊन आतड्यातील जीवाणूंना पोसावे, हा आजचा आहारविचार त्यापासून फार दूर नाही.

दह्याची कथा अधिक लोकप्रिय झाली. बल्गेरियन वैद्यकीय विद्यार्थी स्टामेन ग्रिगोरोव्ह याने १९०५ मध्ये जिनिव्हात आपल्या देशच्या दह्यातील दंडाकृती जीवाणू शोधला. दुग्धाम्ल बनवणारा हा जीवाणू मोठ्या आतड्यात वसवला तर आम्लामुळे कुजवणारे जीवाणू मागे हटतील, असे मेचनिकॉव्ह यांना वाटले. स्वतः ते रोज आंबवलेले दूध घेत, मद्याला शिवत नसत, कच्ची फळे-भाज्या उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय खात नसत. दही विकणाऱ्या मंडळींनी त्यांचे नाव जाहिरातींत मनसोक्त वापरले. लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी तर आतड्यातील विषबाधेच्या कल्पनेने भारून जाऊन रुग्णांची मोठी आतडी कापून काढण्याचा सपाटा लावला. सिद्धान्त प्रयोगशाळेच्या बाहेर पडला की त्याचे काय होते, याचा हा वस्तुपाठच होता. १९१९ मध्ये अमेरिकी वैद्य वॉल्टर अल्वारेझ यांनी या विषबाधेच्या कल्पनेचा सडेतोड समाचार घेतला. त्याच सुमारास बल्गेरियन जीवाणू माणसाच्या आतड्यात तग धरत नाही, हे अमेरिकेत सिद्ध झाले. शास्त्रज्ञांच्या वर्तुळात मेचनिकॉव्ह यांचा आतड्याचा सिद्धान्त थट्टेचा विषय झाला. व्यापाराने मात्र तो सोडला नाही : १९१९ मध्ये बार्सिलोना येथे आयझॅक कारासो यांनी दह्याचा उद्योग उभारून त्याला मुलाच्या नावावरून दानोन हे नाव दिले आणि जपानमध्ये मिनोरू शिरोटा यांनी १९३० मध्ये निवडलेल्या जीवाणूपासून १९३५ मध्ये याकुल्ट हे पेय बाजारात आले.

प्रयोगशाळांत हा विषय पुन्हा उभा राहिला तो वेगळ्याच वाटेने, लठ्ठपणाच्या. मेचनिकॉव्ह यांचा तो विषय नव्हता. त्यांना चिंता होती ती कडक होणाऱ्या धमन्यांची. पण नव्या संशोधनाचे साधन मात्र त्यांच्याच घरातले होते. जीवाणूंविना प्राणी जगू शकतो काय, या प्रश्नावर ओल्गा यांनी बेडकाच्या पिल्लांवर प्रयोग केले होते आणि १९१२ मध्ये पाश्चर संस्थेतच मिशेल कोहेन्दी यांनी कोंबडीची निर्जंतुक पिल्ले वाढवून दाखवली होती. २००४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत असेच निर्जंतुक उंदीर वापरले गेले. त्यांना सामान्य उंदरांच्या आतड्यातील जीवाणू दिल्यावर दोन आठवड्यांत त्यांच्या अंगातील चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीही आधीपेक्षा कमी खाऊन. २०१३ मध्ये त्याच गटाने, एक लठ्ठ व एक सडपातळ अशा जुळ्या भावंडांच्या आतड्यातील जीवाणू वेगवेगळ्या उंदरांना दिले. लठ्ठ भावंडाचे जीवाणू मिळालेले उंदीर अधिक चरबी धरू लागले. सडपातळ भावंडाचे जीवाणू मिळालेल्या उंदरांच्या आतड्यात काही विशिष्ट आम्ले जास्त आढळली.

ही आम्ले म्हणजे ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. धान्याचा कोंडा, कडधान्ये, भाज्या यांतील जे तंतू आपल्याला पचत नाहीत, ते मोठ्या आतड्यातील जीवाणू आंबवतात तेव्हा ही तयार होतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन. प्रोपिओनेट यकृतात जाते. ॲसिटेट रक्तातून देहभर फिरते आणि त्यापासून चरबीही बनू शकते. म्हणजे अन्नातून वाया जाणारी ऊर्जा जीवाणू आपल्याला मिळवून देतात. लठ्ठपणाच्या दृष्टीने हे वाईट. पण गुंतागुंत येथेच आहे. हीच आम्ले आतड्यातील विशिष्ट पेशींवरच्या ग्राहकांना चिकटतात आणि तृप्तीची जाणीव देणारी, इन्शुलिनला मदत करणारी संप्रेरके स्रवायला लावतात. आजकाल वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांमुळे ज्याचे नाव घरोघरी पोहोचले ते जीएलपी-१ त्यांपैकीच एक. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातील संशोधकांनी साठ वजनदार प्रौढांवर चोवीस आठवड्यांचा प्रयोग करून २०१५ मध्ये असे दाखवले, की प्रोपिओनेट थेट मोठ्या आतड्यात पोहोचवल्यास वजनवाढीला आळा बसतो. यातून कोणी चमत्काराची अपेक्षा धरू नये. लठ्ठ व सडपातळ माणसांच्या जीवाणूंत ढोबळ फरक असतो, हा सुरुवातीचा गाजलेला दावा पुढच्या अनेक अभ्यासांत टिकला नाही, आणि उंदरांत जे ठळक दिसते ते माणसांत पुष्कळदा पुसट होते.

मेचनिकॉव्ह यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केलेली द्रव्येही पुन्हा तपासली गेली आणि निकाल संमिश्र लागला. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तात पॅराक्रेसॉल व इंडोल यांपासून बनलेली संयुगे साठतात आणि हृदयविकाराशी त्यांचा संबंध आढळतो. येथे त्यांचा अंदाज खरा ठरला. पण २०२० मध्ये फ्रेंच व ब्रिटिश संशोधकांना उलटेच आढळले : मधुमेही व लठ्ठ उंदरांना अल्प मात्रेत तेच क्रेसॉल दिल्यावर त्यांची चरबी घटली आणि साखरेवरचा ताबा सुधारला. इंडोलही अल्पकाळ जीएलपी-१ वाढवते, असे २०१४ मध्ये दिसून आले होते. प्रश्न मात्रेचा, वेळेचा आणि ज्याच्या देहात ते द्रव्य आहे त्याच्या प्रकृतीचा आहे. जीवाणू विष बनवतात की औषध, असा सरळ प्रश्न विचारण्याची सोयच उरली नाही. जीवाणूंच्या वस्तीपेक्षा त्यांनी बनवलेल्या द्रव्यांकडे पाहिले पाहिजे, ही मेचनिकॉव्ह यांची दिशा मात्र अचूक होती. ते चुकले ते सर्वच द्रव्यांना शत्रू ठरवण्यात.

अखेरची वर्षे त्यांना सुखाची लाभली असे म्हणता येणार नाही. १९०९ मध्ये ते यास्नाया पोल्याना येथे टॉलस्टॉय यांना भेटले. दोघांचाही मुख्य विषय मृत्यू. पण एकाची श्रद्धा धर्मावर, दुसऱ्याची विज्ञानावर. भेट सौहार्दाची झाली, मने जुळली नाहीत. १९११ मध्ये ते काल्मिक लोकांच्या गवताळ प्रदेशात क्षयाचा अभ्यास करायला गेले. १९१४ मध्ये महायुद्ध भडकले आणि पाश्चर संस्थेतील तरुण संशोधक आघाडीवर निघून गेले, प्रयोगशाळा ओस पडल्या. विज्ञान माणसाला शहाणे करील अशी ज्याची आयुष्यभर धारणा होती, त्याला हा आघात पेलवला नाही. मे १९१५ मध्ये सत्तरी साजरी झाली तेव्हा हृदय पुरते थकलेले होते.

दीर्घायुष्याचा पुरस्कर्ता एकाहत्तराव्या वर्षी गेला, यावर टवाळखोर हसले. त्यांना त्याची आधीच कल्पना होती. आपण आंबवलेले दूध घ्यायला लागलो ते फार उशिरा, आपल्या घराण्यात फारसे कोणी दीर्घायुषी नव्हते, आणि कष्टाचे, मनस्तापाचे आयुष्य वाट्याला आले, असा हिशेब त्यांनी मांडून ठेवला होता. शेवटच्या दुखण्यात त्यांना पाश्चर यांच्या जुन्या निवासस्थानी हलवण्यात आले. स्वतःच्या लक्षणांच्या नोंदी ते अखेरपर्यंत करून घेत होते. मृत्यूच्या दिवशी, जुलै १९१६ मध्ये, त्यांनी आपला सहकारी सालिम्बेनी याला शवविच्छेदन करण्याच्या वचनाची आठवण करून दिली आणि आतडी नीट तपासायला सांगितले; तेथे आता काही तरी असावे, असा त्यांचा कयास होता. त्यांच्या इच्छेनुसार दहन झाले आणि पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात रक्षाकलश ठेवण्यात आला. ओल्गा त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगल्या.